गजराचा ढेकर

ऐक की भावा. मधी बोलू नको, मोबाईल उलटा ठेव आणि नुसतं ऐक. ही गोष्ट मी अजून कुणाला पुरती सांगितलेली नाही. ज्याला सांगायला जावं तो "म्हशीच्या गळ्यात टाकी" इथंच हसून लोळतोय आणि पुढचं राहूनच जातंय.

तर टाकीच चढवत होतो आम्ही. रुद्राप्पा आण्णांचा गोठा म्हाईत हाय न्हवं, आमच्या गल्लीच्या तोंडाला होता तो? त्याच्या पुढं कट्टा, संध्याकाळी माणसं ग्लास घेऊन उभी, आण्णा समोर धार काढतोय, फेसासकट दूध तिथंच प्यायचं, मिशी पुसायची, घरी जायचं. त्या कट्ट्यापुढं गजरा उभी होती. काळी कुळकुळीत, शिंगं तलवारीसारखी मागं खांद्यापर्यंत. आण्णांनी तिची म्होरकी धरलेली, आणि तनुजा मॅडम नि मी तिच्या गळ्यात स्टीलची टाकी बांधतोय. टाकीतनं एक केसाएवढी नळी निघून तिच्या नाकाजवळ. तिनं मान हलवली की टाकी माझ्या गुडघ्यावर. माझा गुडघा सुजला होता मर्दा, पण बघायला अख्खी गल्ली जमलेली, त्यामुळं आई गं म्हणायची पण चोरी.

कट्ट्यावरचा एकजण म्हणाला, "मॅडम, उडणार न्हाई न्हवं हे?"

"रिकामी आहे हो टाकी," मॅडम म्हणाल्या. "म्हशीनं ढेकर दिला की थोडीथोडी हवा हिच्यात ओढली जाते. मग आम्ही त्यातला गॅस मोजतो. मिथेन. चारा पोटात आंबताना होतो तो."

"ढेकर मोजणार? मला वाटलं असलं काय मागनं मोजायचं असतंय."

"मागून थोडासाच येतो. जवळजवळ सगळा पुढूनच."

"मग टाकी बरोबर बाजूला हाय!"

झालं. हशा. त्या दिवसापासनं गजराचं नाव पडलं सीएनजी. आण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी टाकीवर हात फिरवला, लुगड्याचा पोत बघावा तसा, आणि वर बघितलं. समोरच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर इंगवले साहेब उभे होते.

आता हे इंगवले म्हणजे कोण, तर त्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी. बँकेतनं रिटायर झालेले. वाईट माणूस नव्हता, आधीच सांगतो. आई अंथरुणाला खिळलेली, माश्या येतात म्हणून खोलीची खिडकी वर्षानुवर्षं बंद, रात्री तिला कूस बदलून द्यायला दोन-दोनदा उठायचं, आणि दिवसा आमच्या गल्लीशी भांडायचं. डोळे कायम लाल. त्यांनी आधी वासाची तक्रार केली, तर सगळ्यांनी उडवून लावलं. गोठा आधी का बिल्डिंग आधी, हेच्यावरच गप्प बसवलं. मग कुठनं तर त्यांना मिथेन सापडलं. एका संध्याकाळी कट्ट्यावर येऊन भर माणसांत म्हणाले, "आण्णा, वासाचं सोडा. तुमच्या म्हशींच्या गॅसनं पृथ्वी तापतेय. जग बोंबलतंय. शहराच्या मधोमध हे चालणार नाही." आणि म्हशी गावाबाहेर न्याव्यात म्हणून त्यांनी अर्ज केला, बिल्डिंगच्या सगळ्यांच्या सह्या घेऊन.

आण्णा अडाणी, पण मानी. आजापासनंचा गोठा. म्हणाले, "पृथ्वी माझ्या म्हशीनं तापती? बरं. मग गॅस कमी करून दाखवतो की."

बोलले खरं, पण कमी करायचा कसा हे त्यांना कुठं माहीत? तिथं मी आलो. मी तेव्हा बीएस्सीला, आणि खर्चाला म्हणून तनुजा मॅडमच्या हाताखाली काम करायचो. मॅडम परभणीकडच्या, जनावरांच्या डॉक्टर, आणि ह्याच विषयावर पुढची डिग्री करत होत्या. चिंचोक्याचं टरफल असतंय बघ, तांबडं, ते दळून म्हशीच्या पेंडीत मिसळायचं. त्यात तुरटपणा लई. "सुपारी खाल्ली की तोंड कसं आखडतं?" असं मॅडम सगळ्यांना समजावून सांगायच्या. "त्याला टॅनिन म्हणतात. ते म्हशीच्या पोटात गेलं की गॅस करणाऱ्या जंतूंना आवरतं. बाभळीच्या शेंगेत असतं, जांभळीच्या पाल्यात असतं. फक्त माप पाहिजे. कमी पडलं तर काही होत नाही, आणि जास्त झालं तर म्हैस खाणंच टाकते."

मॅडमच्या आधीच्या दोन खेपा फुकट गेलेल्या. एकदा टाक्या गळक्या निघाल्या, एकदा फार्मवरच्या म्हशींनी तोंडच लावलं नाही. ही शेवटची खेप. टाक्या दुसरीकडनं मागून आणलेल्या, दिवाळीआधी परत द्यायच्या. आणि त्यांना घरगुती गोठा पाहिजे होता. मीच म्हटलं, आमच्या गल्लीत हाय एक.

वॉर्डातली जाणती माणसं बसली, चौगुले काकांनी मधी पडून मिटवलं. ठरलं असं, की दिवाळीआधी मॅडमनी सगळ्यांसमोर सांगायचं. गॅस कमी झाला तर इंगवल्यांनी अर्ज मागं घ्यायचा. नाही झाला तर आण्णांनी न भांडता म्हशी बाहेर न्यायच्या.

"शब्द," आण्णा म्हणाले.

"शब्द," इंगवले म्हणाले, आणि आईला औषध द्यायची वेळ झाली म्हणून घाईनं वर गेले.

तर असं सगळं त्या टाकीत अडकलेलं. आता हस.

मग सुरू झालं ते रोजचं. चार म्हशी घेतल्या होत्या, गजरा नि आणखी एक टरफलावर, बाकीच्या दोन नेहमीच्या पेंडीवर. मॅडम पेंड मापून पिशव्या भरून ठेवायच्या. सकाळी-दुपारी आण्णा ती वैरणीत कालवून घालायचे. माझं काम संध्याकाळचं. कॉलेज, मग क्लास, मग सायकल हाणत गोठ्यात, आणि गव्हाणीत उरलेलं असेल ते गोळा करून वजन करायचं. म्हशीनं खाल्लं किती हे त्याशिवाय कळणार कसं? मी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असायची. निलव्वा आज्जी, म्हणजे आण्णांच्या घरातल्या, तुळशीपुढं दिवा लावून गोठ्याच्या दारात पण एक पणती ठेवायच्या. त्या पणतीच्या उजेडात मी गव्हाणीत वाकून बघायचो, आणि गव्हाण लख्ख. काडी नाही.

"मॅडम, कायच नाही उरलं."

फोनवर मॅडम म्हणायच्या, "टरफलवाल्यांचं पण?"

"चाटूनपुसून."

"अरे बापा. फार्मवर तर हुंगून तोंड फिरवायच्या."

मी हे आण्णांना सांगितलं तर त्यांची छाती एवढी झाली. "गवळ्याच्या हातची वैरण हाय म्हणावं. नोकराच्या हातची न्हवं."

पहिल्या टाक्यांची मोजणी आली त्या दिवशी मॅडम स्वतः गाडीवरनं आल्या. हेल्मेट काढलं, कट्ट्यावर बसल्या, म्हणाल्या, "धैर्यशील, जवळजवळ तिसरा हिस्सा कमी आलाय रे." आणि मी नाचायला लागणार तोवर बघतोय तर त्या खांबाला टेकून झोपलेल्या. बसल्या बसल्या. तोंड उघडं. आज्जींनी चहा आणला आणि त्यांना उठवलंच नाही, तिथंच उभ्या राहिल्या पदरानं माश्या हाकलत.

"काय करत्यात गं ह्या रात्रभर?" आज्जी मला हळू विचारतात. मला पण गं म्हणायच्या, त्यांची सवय.

"लिवत्यात आज्जी. अभ्यास."

"म्हशीच्या ढेकराचा?"

"व्हय."

"लेकरू वाळलं की पार त्या ढेकरापायी."

पण दमली होती ती नुसती मॅडम नाही. कट्टा पण दमायला लागला होता. टाकी बघून लोक बिचकायचे. कुणी म्हणायचं म्हशीत गॅस भरतात, कुणी म्हणायचं औषध घालतात, दुधात उतरणार. जे ग्लास हातात घेऊन वर्षानुवर्षं उभे राहायचे ते लांबनं हात करून जायला लागले. आण्णा कासंडी घेऊन उकिडवे बसायचे, धार काढायचे, आणि वर बघायचे तर समोर दोन माणसं. गुडघ्यावर हात रेटून उठताना त्यांचा आवाज यायचा, "शिवा, शिवा." गजराचं दूध पण जरा उतरलं होतं. मॅडमनी विचारलं तर म्हणाले, "हवा पालटली की होतंय."

मी एकदा म्हटलं, "आण्णा, नको वाटत असंल तर सांगा. मॅडम सोडतील."

"शब्द दिलाय की," एवढंच. आणि मग वर खिडकीकडं बघत, "त्यो पण दमलाय बघ. काल पहाटं मी धारंला उठलो तर त्याच्या घरात दिवा. बंद खिडकीच्या काचंतनं दिसलं, आईला पाठीवर थोपटत होता, लहान पोराला थोपटावं तसं. मला वाटलं हाक मारावी. पर काय म्हणून मारायची?"

असं करत बैठकीचा दिवस आला. संध्याकाळी गोठ्यापुढंच बसायचं होतं. मला खुर्च्या मांडायच्या होत्या म्हणून मी क्लासला दांडी मारली आणि ऊन असतानाच गेलो. एवढ्या लवकर मी त्या गोठ्यात कधीच गेलेलो नव्हतो. आण्णा फेटा बांधून घ्यायला शेजारी गेलेले. आत वाकून बघतोय तर निलव्वा आज्जी गव्हाणीत हात घालून दोन्ही हातांनी काहीतरी पाटीत भरतायत.

वैरण. तांबूस भुकटी लागलेली वैरण. अर्धी पाटी भरलेली आणि अजून गव्हाणीत होतीच.

मला वाटलं, आत्ताच घातली आणि सांडली असेल. "आज्जी, काय करताय?"

"आवरायलोय गं. आज माणसं येणार की."

"हे काय आहे पण?"

"उष्टं. गजराचं." आणि त्यांनी पाटी उचलली, कमरेवर घेतली, आणि मागच्या बाजूला वगार, म्हशीचं वाढतं रेडकू, बांधलेली असायची तिच्यापुढं नेऊन ओतली. ती वगार, चिमणी, ती उड्याच मारायला लागली. तिचं अंग बघितलं मी तेव्हा. तूप लावल्यासारखं चकाकत होतं. आणि नाकाडापासनं हनुवटीपर्यंत तांबूस रंग.

"आजच उरलं ना हे?"

"रोजचंच हाय. तुरट लागतंय तिला. हिला बरं चालतंय." आज्जी हात झटकत म्हणाल्या. "दिवेलागणीला गव्हाण रिती पायजे गं. लक्ष्मी दारात येती, आणि दुभत्या म्हशीपुढं उष्टं पडलेलं दिसलं की माघारी जाती. माझ्या सासूनं लावलेली सवय. आणि आता तर तू येतोस रोज."

"मी येतो म्हणून काय?"

त्या माझ्याकडं असं बघायला लागल्या जसं मी विचारतोय की आंघोळ कशाला करायची. "काय म्हणजे? परकं माणूस येऊन गव्हाणीत वाकून बघतंय. गवळ्याच्या घरात म्हशीनं वैरण टाकली हे जगाला दाखवायचं व्हय? तू यायच्या आत झाडून घेतोय मी रोज. एक दिवस चुकवलं न्हाई बघ."

भावा, त्यांना वाटलं मी खूश होईन. हसत होत्या की त्या.

कळलं न्हवं तुला? गजरा सगळं खातेय आणि तरी गॅस कमी येतोय, ह्याच्यावर सगळं उभं होतं. आणि गजरा खातच नव्हती. उरलेलं वगारीच्या पोटात जात होतं आणि मी रिकाम्या गव्हाणीपुढं वाकून काय उरलं नाही म्हणून फोन करत होतो.

मॅडम आल्या तेव्हा चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग होता. साडी नेसलेल्या. मी त्यांना गोठ्यामागं नेलं आणि भसाभसा सगळं सांगून टाकलं. त्या चिमणीपाशी गेल्या, तिचं नाक बोटानं पुसलं, बोटाकडं बघितलं. मग तिथं दुधाचा एक रिकामा कॅन पालथा होता, त्याच्यावर बसल्या.

"खाणं कमी झालं, म्हणून गॅस कमी झाला," त्या म्हणाल्या. "खाल्लेल्या दर किलोमागं किती गॅस, असं बघितलं तर काहीच घटलं नसेल. माप जास्त झालं माझं."

"म्हणजे आकडा खोटा?"

"आकडा खराय. तेच तर. टाकीत जे आलं ते खरंच तेवढंच आलं. अर्धपोटी म्हशीच्या पोटातून कमीच निघणार ना?"

मी काय म्हटलं असेन सांग. मी म्हटलं, "मग तेवढंच सांगा की मॅडम. टाकीत कमी आला एवढंच. खोटं पण होत नाही. ह्या लोकांना तेवढंच ऐकायचंय. अर्ज मागं जातोय, गोठा राहतोय, विषय संपला."

"आणि उद्यापासून?"

"उद्यापासनं काय?"

"उद्यापासून आण्णा हेच चारत राहतील. शब्द दिलाय म्हणून. जन्मभर. गजराच्या बरगड्या दिसायलात, तू बघितल्या का? मी बघितल्या होत्या. मला वाटलं, मलाच तसं दिसायलंय."

"परत करू की मग. माप कमी करून. पंधरा दिवस. मी सकाळी पण येतो."

"टाक्या उद्या परत जायच्यात रे." त्यांनी डोळे मिटले. "मला झोप आलीय धैर्यशील. इतकी झोप आलीय ना, मला आत्ता कुणी हो म्हण म्हटलं तर मी हो म्हणेन, नाही म्हण म्हटलं तर नाही."

पुढनं आण्णांचा आवाज आला, "धैर्या, मॅडमना बोलव, माणसं आली." मॅडम उठल्या. साडीला वैरणीची काडी लागलेली ती काढली. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "आज्जींचं नाव घेऊ नकोस."

बाहेर काय थाट होता लेका. आण्णा भगव्या फेट्यात. गजराची शिंगं तेल लावून चकाकवलेली, गळ्यात टाकी, आणि त्या टाकीवर झेंडूची माळ. चौगुले काका मधल्या खुर्चीत. इंगवले कडेला, शर्टाच्या खिशात औषधाच्या गोळ्यांचं पाकीट तसंच. बाकी गल्ली उभी. आज्जी दाराच्या आत, पदर दातात धरून, चहाचं भांडं स्टोव्हवर.

"हां मॅडम," चौगुले काका म्हणाले, "बोला. गजरा पास का नापास?"

मॅडम उभ्या राहिल्या. "टाकीत गॅस कमी आला," त्या म्हणाल्या, आणि गल्लीनं शिट्ट्याच मारल्या. कुणीतरी सीएनजीचा विजय असो म्हणून ओरडलं. आण्णांनी गजराच्या पाठीवर थाप मारली. मॅडम थांबल्या. सगळं शांत होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पण तो टरफलामुळं कमी आला असं मला म्हणता येत नाही. उरलेली वैरण मोजायची वेळ मी चुकीची ठेवली होती. चूक माझी. मोजणी फसली."

कुणाला काय कळलंच नाही. चौगुले काका म्हणाले, "फसली म्हंजे? कमी आला म्हणताय न्हवं?"

"आला."

"मग झालं की!"

आणि तेव्हा इंगवले उठले. मला वाटलं आता हा बाप्या नाचणार. पण ते खाली बघत, चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, कमी आला एवढं तुम्ही म्हणालात. मला तेवढं पुरे आहे. कशामुळं आला ह्यात मला जायचं नाही. मी अर्ज मागं घेतो. मला पण भांडायचं नाही हो. मला आता... आई वर एकटी आहे. तुम्ही फक्त सगळ्यांसमोर हो म्हणा, मी सही करतो आणि वर जातो."

भावा, एवढं सोपं झालं होतं. नुसतं हो. गल्ली ओरडायला लागली, "हो म्हणा मॅडम, हो म्हणा!" मी पण ओरडत होतो. मला माहीत असून ओरडत होतो. मॅडमच्या ओठापर्यंत आलं होतं ते, मी बघितलं. त्यांनी आण्णांकडं बघितलं.

आण्णांनी फेटा उतरवला. हळूच, दोन्ही हातांनी, आणि गजराच्या पाठीवर ठेवला. "मॅडम," ते म्हणाले, "छातीवर हात ठिवून सांगता येतंय का तुम्हाला? का माझी कीव म्हणून?"

मॅडमनी हात उचलला नाही.

"न्हाई येत. बरं. मग नको."

"आण्णा!" चौगुले काका उठलेच. "खुळा का काय तू? समोरचा स्वतः मागं घेतोय!"

"त्यो दमलाय म्हणून मागं घेतोय. मी करून दाखवतो म्हटलं होतं. न्हाई दाखवता आलं." ते इंगवल्यांकडं वळले. "साहेब, पाडवा तेवढा हितं करतो. मग हलवतो म्हशी. आईंना म्हणावं खिडकी उघडा."

इंगवले नुसते उभे. हात जोडावेत का काय करावं त्यांना कळेना. "अहो आण्णा, मी... तसं नव्हतं मला..." असं काहीतरी म्हणत राहिले, आणि मग जिना चढताना मी बघितलं, कठड्याला धरून दोनदा थांबले.

माणसं पांगली. शिट्ट्या मारणारी तर सगळ्यात आधी. मॅडमनी गजराच्या गळ्यातली टाकी सोडली, माळ काढून बाजूला ठेवली, टाकी छातीशी धरून गाडीकडं गेल्या. मला म्हणाल्या, उद्या सकाळी ये, सामान बांधायला. बाकी काय नाही. त्यांची डिग्री पुढं झाली का, कुठल्या विषयात झाली, मला माहीत नाही. त्या परभणीला गेल्या आणि फोन हळूहळू बंद झाले.

आण्णा गोठ्यात गेले. नेहमीची पेंड भिजवली आणि गजरापुढं ओतली. तिनं असं खाल्लं भावा, की मला बघवेना. खाताना मधी थांबून श्वास घेत होती. आण्णा तिच्या बरगड्यांवरनं हात फिरवत राहिले, एकेक बरगडी, वर न बघता. मला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील. "शिवा, शिवा," म्हणाले आणि खाटेवर आडवे झाले, भिंतीकडं तोंड करून.

मी खुर्च्या गोळा करत होतो. एकात एक घालत होतो, तेवढाच आवाज. निलव्वा आज्जी चहा घेऊन आल्या. एवढा चहा केलेला, प्यायला कोण नाही. माझ्यापुढं कप धरला, पण सोडेनात. दोघांच्या हातात एकच कप.

"धैर्या," म्हणाल्या. पहिल्यांदा मला गं म्हणाल्या नाहीत. "त्या मॅडम काय म्हणत होत्या? उरलेली वैरण मोजायची वेळ?"

"काय तर त्यांचं असतंय आज्जी, शास्त्राचं."

"तू रोज यायचास ते उष्टं मोजायला यायचास?"

मी कपाकडं बघतोय.

"मला वाटलं, बघायला येतोय. आपण कसं ठिवतोय म्हशीस्नी ते बघायला." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, आत आण्णा जागे असतील म्हणून. "खरं सांग लेकरा. मी गव्हाण झाडत हुते म्हणून झालं का हे? माझ्यामुळं गेला का गोठा?"

आणि त्या बघत राहिल्या माझ्याकडं. सत्तरीच्या पुढची बाई. पन्नास वर्षं लक्ष्मी माघारी जाऊ नये म्हणून रोज वाकून गव्हाण झाडणारी. आत खाट कुरकुरली. आण्णांनी कूस बदलली का कान दिला, कुणास ठाऊक.

मॅडम नाव घेऊ नको म्हणाल्या होत्या. पण नाव कुठं घ्यायचं होतं मला? समोर उभं राहून तीच विचारत होती.

मी म्हटलं, "आज्जी, साखर कमी पडलीय जरा."

त्या आत गेल्या, साखरेचा डबा घेऊन आल्या, चमचाभर घातली, आणखी एक घातली, आणि कप हलवत तिथंच उभ्या राहिल्या, मी आता तरी सांगीन म्हणून.

सांग भावा. तू काय सांगितलं असतंस?